झाडाखालची लोकशाही

राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी दरवर्षी राज्याची चार अंगे शिकवतो : लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासनसंस्था आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात ती आली आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतून हललेली नाहीत. मुले ती उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मागे एकदा शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, चारही असली आणि तरी कोणी ओळखच दिली नाही, तर ते राज्य की नाही?" मी सोमालीलँडचे नाव घेतले आणि घंटा झाली म्हणून सुटलो. नाव घेण्यापलीकडे मला फारसे माहीत नव्हते, हे त्या मुलीला कळले नसावे. मला मात्र कळले. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. जे वाचले त्यात सोमालीलँडचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते बरेचसे खरेही आहे. पण वाचता वाचता सारखे वाटत राहिले, की हे कौतुक आपण आधी कुठेतरी वाचले आहे. आणि ते आपल्याच खेड्याविषयी होते.

आधी हा देश कोणता ते सांगितले पाहिजे. एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जिबूती आणि इथिओपिया यांना लागून हा कोरडा प्रदेश आहे. १८८४ नंतर ब्रिटिशांनी इथल्या टोळ्यांशी करार करून तो आपल्या संरक्षणाखाली घेतला. घेण्याचे कारण मोठे क्षुद्र होते. समोरच्या एडनच्या छावणीला मटण पुरवायला हा किनारा हवा होता. एडन त्या काळी मुंबई इलाख्याच्या कारभारात होते आणि सोमालीलँडही १८९८पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच खात्यात मोडत असे. म्हणजे मुंबईचा आणि या देशाचा संबंध जुना आहे. तो खाटीकखान्याचा आहे.

२६ जून १९६० रोजी ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झाले आणि १ जुलैला इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेकडील सोमालियात आपणहून विलीन झाले. पाच दिवसांचे स्वातंत्र्य. विलीन होताना उत्साह मोठा होता, पण राजधानी मोगादिशूला गेली, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही दक्षिणेचे झाले, आणि उत्तरेच्या वाट्याला अंतर आले. १९६१च्या सार्वमतात उत्तरेने नव्या घटनेकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी डिसेंबरात उत्तरेच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांचे बंड फसले. १९६९ साली सियाद बारे या सेनानीने सत्ता घेतली. १९७७-७८चे इथिओपियाविरुद्धचे युद्ध हरल्यावर त्याच्या राजवटीचा रोख उत्तरेतील इसाक टोळीवर वळला, आणि १९८१ साली लंडनमध्ये इसाक मंडळींनी सोमाली नॅशनल मूव्हमेंट ही संघटना उभारली. १९८८च्या मे महिन्यात या बंडखोरांनी उत्तरेतील शहरांवर हल्ला केला. उत्तरादाखल सरकारने जे केले त्याला इतिहासात जोड कमी सापडतील. बॉम्बफेकी विमाने हर्गेसाच्या विमानतळावरून उडत, हर्गेसावर बॉम्ब टाकत आणि हर्गेसाच्याच विमानतळावर उतरत. मृतांचा अंदाज पन्नास हजारांच्या आसपास सांगतात, काही त्याहून बराच मोठा सांगतात. लाखो माणसे पायी इथिओपियात गेली. त्यांतले एक पाडलेले मिग विमान आज हर्गेसाच्या मध्यभागी स्मारक म्हणून चौथऱ्यावर उभे आहे.

जानेवारी १९९१मध्ये बारे पळाला आणि १८ मे १९९१ रोजी बुरओ येथील परिषदेत उत्तरेने जाहीर केले की १९६०चे विलीनीकरण आम्ही मोडतो आहोत. 'फुटून निघणे' हा शब्द तिथल्या लोकांना मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही स्वतंत्र देश होतो, स्वेच्छेने लग्न केले, आता काडीमोड घेतो. सीमा ब्रिटिशांनी आखलेलीच आहे. हा युक्तिवाद मला कायद्याच्या दृष्टीने भक्कम वाटतो. आफ्रिकेतील राष्ट्रांनी १९६४ साली कैरोत ठरवले होते की वसाहतकाळातील सीमा बदलायच्या नाहीत. सोमालीलँड नेमके तेच मागत आहे. २००५ साली आफ्रिकी संघाचे पथक येऊन पाहणी करून गेले. पण इरिट्रियाला १९९३ साली आणि दक्षिण सुदानला २०११ साली जे मिळाले ते मूळ देशाच्या संमतीने मिळाले, आणि मोगादिशू संमती देत नाही. प्रश्न तिथे अडला.

आता कौतुकाकडे येतो. मोगादिशूत परदेशी फौजा, परिषदा, कोट्यवधी डॉलर, आणि तरी वर्षानुवर्षे रक्तपात. इकडे सोमालीलँडात परदेशी फौज नाही, मदत जवळजवळ नाही, आणि तरी शांतता. हे कसे झाले? वडीलधाऱ्यांनी केले, असे उत्तर मिळते. टोळ्यांचे म्होरके बाभळीच्या सावलीत बसले, दिवसचे दिवस बोलले, कविता म्हटल्या, मेलेल्यांचा हिशेब केला आणि भांडण मिटवले. १९९३ साली बोरामा येथे अशीच परिषद जवळजवळ चार महिने चालली. मताचा अधिकार असलेले १५० प्रतिनिधी, सर्व टोळ्यांचे. तिथे मोहम्मद इब्राहिम एगाल अध्यक्ष निवडले गेले आणि वडीलधाऱ्यांच्या सभेला, जिला 'गुर्ती' म्हणतात, राज्यघटनेत वरिष्ठ सभागृहाचे स्थान मिळाले. सभासद ८२. हेही खरे की पुढे १९९४ ते १९९६ या काळात विमानतळाच्या आणि महसुलाच्या ताब्यावरून पुन्हा युद्ध झाले आणि १९९७च्या हर्गेसा परिषदेनंतरच ते शमले. झाडाखालच्या गोष्टीत हा भाग सहसा घाईने सांगितला जातो.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९६१ साली उत्तर सोमाली समाजावर पुस्तक लिहिले त्याचे नावच 'पशुपालकांची लोकशाही' अशा अर्थाचे आहे. त्यानंतरच्या अभ्यासकांपैकी मार्क ब्रॅडबरी यांनी २००८ साली सोमालीलँडच्या घडणीचा इतिहास लिहिला आणि सारा फिलिप्स यांनी २०२० साली परकीय मदत नसणे हेच या शांततेला कसे उपकारक ठरले ते मांडले. दोन्ही पुस्तके मेहनतीची आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या सगळ्यातून जे एक सोपे चित्र जगभर पसरले त्याच्याशी : खालून वर उगवलेले, आपल्या मातीतले, टोळीच्या शहाणपणावर उभे राहिलेले राज्य. मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले होते, आणि घटना समितीत कित्येकांनी ते वाक्य जपमाळेसारखे फिरवले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी त्या प्रजासत्ताकाची काय वासलात लावली ते या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. त्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न इथेही विचारायचा आहे. झाडाखाली कोण बसले होते ते कळले. कोणाला बसता येत नव्हते?

उत्तर आहे : गाबोये.

सोमाली समाज एका भाषेचा, एका धर्माचा आणि एका वंशाचा म्हणून ओळखला जातो. त्याच समाजात मधिबान, मूसे धेरियो, तुमाल आणि यिबिर असे काही गट आहेत ज्यांच्याशी कुलीन टोळीवाला सोयरीक करीत नाही. त्यांपैकी कित्येकांना मिळून गाबोये म्हणतात. मधिबान कातडे कमावणार, चपला शिवणार, केस कापणार, पूर्वी शिकार करणार. त्यांच्या बायका मुलींची सुंता करणार. तुमाल लोहार. यिबिर ताईत बांधणार. गुरे-उंटांवर जगणाऱ्या समाजात ज्याच्याकडे कळप नाही, ज्याच्या हाताला राख आणि कातडे आहे, तो हलका. रंग तोच, भाषा तीच, कलमा तोच, मशिदीतली ओळ तीच. मुलगी मात्र मिळणार नाही. अशी लग्ने झाली तेव्हा मारहाण, पळवापळवी आणि जबरीचे तलाक झाले आहेत.

आणि हे हलकेपण कुठून आले? कुलीन टोळ्यांत सांगितली जाणारी कथा अशी, की दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेल्या त्यांच्या पूर्वजाने मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले. म्हणून त्याचा वंश बाटला. हे वाक्य मी रात्री वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. हिंदी महासागराच्या पलीकडे, वेद नाही, मनू नाही, ब्राह्मण नाही, आणि तरी आरोपपत्र अक्षरशः तेच. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना दोन गोष्टी पुढे ठेवल्या होत्या : टोळीयुद्धांत पांगलेली, स्वतःची टोळी न उरलेली माणसे दुसऱ्याच्या वस्तीबाहेर आसऱ्याला राहिली, आणि मेलेल्या गुरांचे मांस खाणे त्यांच्या कपाळी कलंक म्हणून बसले. हा सिद्धान्त आपल्या विद्यापीठांत बहुधा 'मनोरंजक' या एका शब्दात निकालात काढला जातो. गाबोयेंची स्थिती पाहिल्यावर तो सिद्धान्त सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही; पण टोळीसमाजात बिनटोळीच्या माणसाचे काय होते हा जो त्यांचा मूळ प्रश्न, तो किती खोल होता हे मात्र कळते.

यिबिरांची रीत आणखी बोलकी आहे. त्यांच्या पूर्वजाला एका मुसलमान संताने मारले, अशी कथा. त्या खुनाची भरपाई म्हणून मुलगा जन्मला किंवा लग्न झाले की यिबिर दारात येतो, आपला हक्क मागतो आणि ताईत देतो. नाही दिले तर त्याचा शाप लागतो म्हणतात. माझा आजा येसकर होता. वतने खालसा होईपर्यंत तोही दारोदार 'हक्का'ची भाकर गोळा करायचा, आणि गावातले सुधारक लोक आम्हाला सांगत की अहो, हा तुमचा मान होता! हक्क म्हणून भीक देण्याची ही युक्ती कोणत्याही एका धर्माची नाही, एवढे आता माझ्यापुरते स्पष्ट झाले आहे.

या गोष्टीचा राज्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. टोळ्यांमधील रिवाजी कायद्याला सोमाली भाषेत 'हेर' म्हणतात (आपल्या 'हेर' शब्दाशी त्याचे नाते नाही). त्याचा कणा आहे रक्तमोल. एका टोळीच्या माणसाने दुसऱ्या टोळीचा पुरुष मारला तर शंभर उंट द्यायचे, स्त्री असेल तर पन्नास. हे उंट एकटा खुनी देत नाही, त्याचा सगळा भाऊबंद देतो. आणि घेतानाही भाऊबंद घेतो. थोडक्यात तुमच्या जिवाचे मोल तुमच्यामागे किती माणसे, किती उंट आणि किती बंदुका आहेत यावर ठरते. गाबोये पिढ्यान् पिढ्या कुठल्या तरी कुलीन टोळीच्या आश्रयाने राहिले. त्यांचा खून झाला तर त्यांच्या वतीने बोलायला आश्रयदाता, आणि आश्रयदात्यानेच मारले तर बोलायला कोणी नाही. ज्या झाडाखाली राज्य जन्मले ते झाड या कायद्याचे न्यायासन आहे. बोरामाची शांतता म्हणजे ज्यांना एकमेकांचे रक्त वसूल करता येत होते त्यांनी ते वसूल न करण्याचा केलेला करार. ज्यांना वसूलच करता येत नव्हते त्यांच्याशी करार कशाला करायचा? त्या कवितांचेही तसेच. सोमाली समाज कवींचा म्हणून जगभर नावाजला जातो. पण शब्दाची पत बोलणाऱ्यामागे कोणती टोळी उभी आहे यावरही ठरत असे, आणि स्त्रियांसाठी तर काव्यप्रकारही वेगळा काढून ठेवला होता.

इथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही, आणि आपल्या चळवळीत अशा गोष्टी टाळण्याची सवय आपल्याला लागली आहे म्हणून ती मुद्दाम लिहितो. सियाद बारेने १९७०च्या सुमारास शास्त्रीय समाजवाद जाहीर केला, टोळीवादाचे पुतळे समारंभाने जाळले, टोळीचे नाव विचारायला बंदी केली. गाबोयेंना सैन्यात आणि नोकऱ्यांत जागा मिळाल्या. तुमाल जातीत जन्मलेले मोहम्मद अली समतर सैन्यात चढत चढत संरक्षणमंत्री झाले आणि १९८७ साली पंतप्रधान. लोहाराचा मुलगा पंतप्रधान! आणि १९८८ साली हर्गेसावर बॉम्ब पडले तेव्हा ते त्या पदावर होते. पुढे अमेरिकेत आश्रय घेतल्यावर तिथल्या न्यायालयात सोमाली पीडितांनी त्यांच्यावर दावा लावला. २०१२ साली सात फिर्यादींना २ कोटी १० लाख डॉलर देण्याचा निकाल झाला. २०१६ साली ते वारले.

बारेने गाबोयेंना वर काढले ते त्यांच्या प्रेमाने नव्हे. ज्याच्या पाठीशी टोळी नाही तो माणूस हुकूमशहाला सर्वांत सोयीचा, कारण त्याला दुसरा आधार नसतो. टोळीवादाचा पुतळा जाळणाऱ्या बारेने आपली खुर्ची शेवटी आपल्या नात्याच्या तीन टोळ्यांवरच तोलली होती. पण १९९१ साली बारे गेला आणि हिशेब चुकता करण्याची वेळ आली तेव्हा बारेचे हस्तक म्हणून बोट गाबोयेंच्या वस्त्यांकडेही गेले. चांभाराच्या दुकानात बसलेल्या माणसाने विमान उडवले नव्हते. तरी कित्येकांना घर सोडून पळावे लागले, परतल्यावर जागा दुसऱ्याच्या ताब्यात दिसल्या. इसाकांवर झालेला अत्याचार खरा, आणि इसाकांच्या राज्यात गाबोयेंवर झालेला अन्यायही खरा. पहिला दुसऱ्याला झाकून टाकतो, म्हणून दुसरा बोलायला कठीण जातो.

आता पैशाकडे पाहू. कारण झाडाखालच्या गप्पांवर राज्य चालत नाही, ते बर्बेराच्या जकातीवर चालते. मान्यता नाही म्हणून जागतिक बँकेचे किंवा नाणेनिधीचे कर्ज सोमालीलँडला स्वतःच्या नावावर मिळू शकले नाही. एगाल यांनी सुरुवातीला आपल्याच टोळीतील बड्या व्यापाऱ्यांकडून पैसा उचलला, त्यातून बंदूकधाऱ्यांना पगारी सैन्यात आणले, १९९४ साली स्वतःचे शिलिंग छापले, आणि व्यापाऱ्यांना करात सवलती दिल्या. कर्तबगारीच ती. पण राज्य जन्मतःच ज्यांचे ऋणी झाले ते कोण, हे विसरता येत नाही.

बर्बेरातून जाते काय? शेळ्या, मेंढ्या, उंट. हजच्या हंगामात सौदी अरेबियाला लाखांनी. सगळा देश या एका गिऱ्हाइकाच्या लहरीवर. १९९८ साली जनावरांच्या तापाचे कारण सांगून सौदीने आयात थांबवली, २००० साली पुन्हा थांबवली ती जवळजवळ नऊ वर्षे. २००९ साली दार उघडले तेही एका सौदी व्यापाऱ्याच्या बर्बेरातील विलगीकरण केंद्रातून, म्हणजे एकाच हाताच्या मक्त्याने. या बाजारात गुराखी आणि निर्यातदार यांच्यामध्ये एक माणूस असतो, त्याला तिकडे 'दिलाल' म्हणतात. शब्द आपलाच, अरबांकडून दोघांनी घेतलेला. जनावर चोरीचे नाही याची हमी दिलाल देतो आणि ती हमी तो विकणाऱ्याच्या टोळीच्या ओळखीवर देतो. व्यवहारात कागद नाही, टोळी हाच कागद. आता ज्याच्याकडे कळप नाही आणि हमीला टोळी नाही, तो या देशाच्या सर्वांत मोठ्या धंद्यात शिरणार कुठून? पूर्वी निदान कातडे त्याच्या वाट्याला येई. आता बकरी जहाजात जिवंत चढते आणि कातडेही तिच्या अंगावरच जेद्दाला जाते. परतीच्या जहाजातून कारखान्यात बनलेल्या चपला येतात आणि चांभाराचा उरलेला धंदाही बसतो.

दुसरा आधार परदेशातून येणाऱ्या पैशाचा. युद्धाच्या काळात जे ब्रिटन, स्कँडिनेव्हिया, कॅनडा, आखात इथे पोचले ते घरी पैसे धाडतात. बुरओला १९७० साली सुरू झालेली दहाबशील ही हवाला पेढी यावरच आफ्रिकेतली मोठी कंपनी झाली. २०१३ साली बार्कलेज बँकेने तिचे खाते बंद करायचे ठरवले तेव्हा सगळ्या सोमाली जगात घबराट पसरली. २००९पासून मोबाइलवरून पैसे देण्याची 'झाद' नावाची सोय आहे आणि हर्गेसात रस्त्यावरचा विक्रेताही ती वापरतो. हे सारे वाचून आपल्या वर्तमानपत्रांतले अर्थतज्ज्ञ हरखून जातील. पण पैसा येतो नात्याच्या वाटेने. ज्या घरातून कोणी विमानात बसू शकला त्या घरी पैसा येतो, आणि विमानात बसायलाही आधी पैसा आणि भाऊबंद लागतो. हर्गेसात गाबोयेंची दामी नावाची वस्ती आहे. तिथे हातातली कला आहे, गरिबी आहे, आणि बाहेरून येणारा पैसा इतर वस्त्यांच्या मानाने तुटपुंजा.

तिसरा पैसा नवा आहे. २०१६ साली दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीने बर्बेरा बंदर तीस वर्षांसाठी चालवायला घेतले, ४४.२ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीचा करार झाला. मागे इथिओपियाची अफाट बाजारपेठ, समोर लाल समुद्राचे तोंड. शेजारी सोव्हिएत काळात बांधलेली चार किलोमीटर लांबीची धावपट्टी. बंदराच्या सौद्याने मान्यतेच्या मागणीला जे वजन आले ते तीस वर्षांच्या शांततेने आणले नव्हते, असे मला वाटते. १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियाने समुद्रकिनाऱ्याच्या वीस किलोमीटरच्या पट्ट्याच्या बदल्यात मान्यतेचे गाजर दाखवले आणि त्या डिसेंबरात अंकारा येथे मोगादिशूशी जुळवून घेतले. पुढच्या वर्षी, २६ डिसेंबर २०२५ रोजी, इस्रायलने मान्यता जाहीर केली. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी पहिलीच. हर्गेसात लोक झेंडे घेऊन रस्त्यावर आले. मान्यता देणाऱ्याची नजर कशावर होती हे नकाशा उघडला की कळते. गाझातील नरसंहाराचा आरोप ज्या राज्यावर आहे त्याने हर्गेसाच्या बॉम्बफेकीतून वाचलेल्यांना पहिली ओळख द्यावी, यातला विपर्यास तिथल्या लोकांना दिसला नसेल असे मानायचे कारण नाही. पस्तीस वर्षे दारात उभे राहिलेला माणूस दार कोणी उघडले ते पाहत बसत नाही.

राजकारणाबद्दल थोडक्यात. २००१च्या घटनेने पक्षांची संख्या तीनवर बांधली, हेतू असा की प्रत्येक टोळीचा पक्ष होऊ नये. २००३ साली अध्यक्षपद अवघ्या ८० मतांनी ठरले. विजयी दाहिर रियाले इसाक नव्हते, गदाबुर्सी होते, आणि हरलेल्यांनी शेवटी ते मानले. आपल्याकडे ऐंशी मतांवर काय होते ते आपण पाहतो. २०१७ साली मतदारांची ओळख डोळ्याच्या बुबुळावरून पटवली. नोव्हेंबर २०२४मध्ये विरोधी पक्षाचे अब्दिरहमान 'इरो' सुमारे ६४ टक्के मतांनी निवडून आले आणि सत्तेवरच्या मूसे बिही यांनी खुर्ची सोडली. या लोकशाहीला नाटक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु याच लोकशाहीत गुर्तीची थेट निवडणूक एकदाही झालेली नाही, तिची मुदत ती वाढवून घेत राहिली. मे २०२१च्या निवडणुकीत १३ स्त्रिया उभ्या राहिल्या आणि ८२ जागांच्या कनिष्ठ सभागृहात एकही पोचली नाही. त्याआधी स्त्रिया आणि अल्पसंख्यांसाठी राखीव जागांचा प्रस्ताव आला होता, तो मंजूर झाला नाही. घटनेच्या आठव्या कलमात जन्म आणि टोळी यांवरून भेदभाव नको असे लिहिले आहे. गाबोये हा शब्द कुठे नाही. रोगाचे नाव न घेता औषध लिहून देण्याची ही पद्धत. आपल्या सतराव्या कलमात 'अस्पृश्यता' हा शब्द आहे, आणि तो असूनही काय चालते ते आपण जाणतो.

पूर्वेकडे लास अनोदला तर राज्याच्या पायावरच प्रश्न आला. तिथले धुलबहांते म्हणाले, तुमच्या काडीमोडात आम्ही नाही. २०२३ साली महिनोन् महिने लढाई झाली, सोमालीलँडच्या तोफा त्या शहरावर चालल्या, आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडचे सैन्य हटले. शहरावर तोफा डागणे म्हणजे काय हे ज्यांनी १९८८ साली अनुभवले त्यांनीच ते केले. दक्षिणेत तरी काय वेगळे आहे? तिथे २०००पासून सत्तावाटपाचे सूत्रच साडेचार : चार मोठ्या टोळ्यांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. निदान त्यांनी अपूर्णांक उघड लिहून ठेवला.

मग सोमालीलँडला मान्यता मिळू नये काय? मिळावी, असे माझे मत आहे. १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांचे राज्य आमचे भले करू शकले नाही, लोकांचेच राज्य हवे, असे सांगितले. आणि त्याच तोंडाने त्या राज्यात आमची जागा कोणती ते आजच ठरवा, असेही बजावले. त्यांना दोन्हीकडून शिव्या मिळाल्या. दोन मागण्या एकाच वेळी करता येतात, ही गोष्ट राष्ट्रवाद्याला आजवर कधी समजलेली नाही. 'आधी देश, मग तुमचे पाहू' हे वाक्य हर्गेसातही बोलले जाते. जगासमोर आपली एकी दिसली पाहिजे, घरची धुणी बाहेर कशाला, असे गाबोये कार्यकर्त्यांना ऐकवतात. ऐकून ऐकून मला त्या वाक्याची चालसुद्धा पाठ झाली आहे.

२०२१च्या त्याच निवडणुकीत हर्गेसाच्या भागातून बरखद जामा बातून हा गाबोये उमेदवार निवडून आला. नुसता निवडून आला नाही, तर देशातील सगळ्या उमेदवारांपेक्षा जास्त मते घेऊन आला. एवढी मते एकट्या दामीत नाहीत. कुलीन टोळ्यांतल्या हजारो तरुणांनी आपापल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला उमेदवार सोडून त्याच्या नावावर शिक्का मारला. राखीव जागा नाकारणाऱ्या सभागृहात तो खुल्या जागेवरून गेला, म्हणून आता राखीव जागांची गरजच काय, असे म्हणायला तिथलेही काही शहाणे मोकळे झाले असतील. ते शिक्के मारणाऱ्या तरुणांपैकी कोणाची बहीण उद्या दामीतल्या घरात लग्न करून गेली, तर हेच हात तिला परत ओढून आणायला जातात की नाही, ते पाहायचे आहे.